दुसरी कॅसेट

त्या इंग्रजी सिनेमाच्या दोन कॅसेट होत्या आणि कॉलेज रोडवरच्या आमच्या व्हिडिओ लायब्ररीत दुसरी कधी जागेवर नसायचीच. पहिली मी तीनदा आणली. युद्ध, घोडे, भलामोठा बंगला, आणि नायक नायिकेकडे न बघताच बोटीत चढतो. तिथे टेप संपायची. पुढे काय? तो परत येतो की नाही? मला चैन पडेना. आई म्हणायची, "बोलणं धड कळत नाही आणि जीव कसला टांगणीला लावतेस!"

त्यातच ओझरच्या विमान कारखान्यातलं एक स्थळ मला बघायला आलं. माणूस बरा वाटत होता, पण नुसत्या बरं वाटण्यावर जन्म कसा काढायचा? आणि होकार की नकार, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. पोहे झाल्यावर आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. त्याने माझ्या आवडीनिवडी विचारल्या. मी वैतागून म्हटलं, "तो युद्धाचा इंग्रजी सिनेमा पाहिलाय तुम्ही, नायक बोटीत चढून जातो तो? दुसऱ्या कॅसेटमध्ये काय होतं?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाला, "येतो ना तो परत. फार उशिरा येतो, पण येतो. ती अंगणात कपडे वाळत घालत असते."

मी खाली आले आणि होकार दिला. एम.ए. झालेली मुलगी, आणि असला वेडेपणा! कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

बारा-तेरा वर्षं झाली, तरी तो सिनेमा काही डोक्यातून गेला नव्हता. मग एकदा सीडीवर सगळाच्या सगळा मिळाला. रविवारी दुपारी दोघं बघायला बसलो. मी त्या अंगणाची वाट बघत होते. अंगण आलं नाही, तोही आला नाही. ती एकटीच म्हातारी झाली आणि पडद्यावर नावं सुरू झाली. माझं डोकंच फिरलं. वळून बघते तर नवऱ्याचे डोळे भरलेले.

"अहो, तुम्ही पाहिलाच नव्हता हा?"

"पहिली कॅसेट पाहिली होती. दुसरी कुठे मिळायची?"

"मग तो परत येतो, ते?"

"तू ज्या चेहऱ्याने विचारलंस ना," तो म्हणाला, "त्यावर येत नाही असं म्हणवेना मला."

मी उठून चहा टाकला. राग जाईना. खरा शेवट सांगणाऱ्याला त्या दिवशी मी नकारच दिला असता, हे कळत होतं, आणि राग या गोष्टीचाच जास्त येत होता.