आईचं सायबेरियातलं माहेर

आई सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, आमच्या बॉथेलला आली, त्या हिवाळ्यात माझ्या मुलीला घरातल्या सगळ्यांची थुंकी गोळा करायचं वेड लागलं. हायस्कूलमध्ये तिचा बायॉलॉजीचा क्लास चालू होता, डोक्यात जीन्स आणि क्रोमोसोम्स घोळत होते. एका शनिवारी सकाळी तिने डायनिंग टेबलावर डीएनए टेस्टच्या नळ्या मांडल्या, आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवून हुकूम सोडला, "नो चहा, नो पोहे. फर्स्ट यू स्पिट."

आईने सातारच्या नगरपालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. "जन्मभर पोरांना थुंकू नका म्हणून ओरडले," ती म्हणाली, "आणि आता नात म्हणते थुंक!" पण नातीपुढे तिचं काही चालत नाही. तिने नळी तोंडाला लावली आणि गालफडं आत-बाहेर करत बसली. थेंब येईना. आम्ही पाहतोय म्हटल्यावर तर अजिबातच येईना.

"आजी, थिंक ऑफ कैरी," मुलगी म्हणाली.

मग मीच सुरू केलं. कैरीची फोड, तिच्यावर तिखट-मीठ, शाळेसमोरच्या गाडीवरची, दातांना झिणझिण्या आणणारी. पुढे चिंच, मग आवळा. आईच्या तोंडाला असं पाणी सुटलं की ती हसायला लागली, आणि हसता हसता नळी ओसंडली. टेबलाच्या त्या टोकाला माझ्या नवऱ्याने नुसतं ऐकून आपली नळी कधीच भरली होती.

काही आठवड्यांनी रिझल्ट आले. मी इथे एका बायोटेक कंपनीत पेशींवर काम करते, त्यामुळे जरा ऐटीतच लॅपटॉप उघडला. काय येणार ते मला माहीतच होतं. भारतात ज्या मातृवंशांच्या शाखा घरोघरी सापडतात, त्यांतलीच एखादी. नवऱ्याची तशी होतीही. पण मुलीच्या नावापुढे होतं सी. माझ्या नावापुढे सी. आईच्या नावापुढे सी. आणि खाली नकाशा. त्यात भारत जवळजवळ कोरा, आणि सगळा रंग वर, सायबेरियावर सांडलेला.

नळ्यांची अदलाबदल झाली म्हणावं, तर तिघींचं उत्तर एकच. मी पुन्हा वाचलं आणि मला हसू फुटलं. असं हसू, की पोह्यांची बशी बाजूला ठेवावी लागली.

"झालं काय?" आई म्हणाली.

मी समजावून सांगितलं. आपल्या प्रत्येक पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाची इवली इवली इंधनघरं असतात. ती फक्त आईकडून येतात. मुलग्यालाही मिळतात, पण तो ती पुढे देऊ शकत नाही. म्हणजे तुझी तुझ्या आईकडून, तिची तिच्या आईकडून, असं मागे मागे गेलं, की हजारो वर्षांपूर्वीच्या एका बाईपाशी आपण पोचतो. ही सी शाखा उत्तर आशियात फुटली असं मानतात. तिथून तिच्या लेकी पांगल्या. काहींची वंशावळ रेनडिअर पाळणाऱ्या लोकांत मिसळली. काही पूर्वेकडे सरकत, तेव्हा आशिया आणि अलास्का जोडणारी जमीन होती तिच्यावरून, अमेरिकेत उतरल्या. आणि थोड्या खाली हिमालयाकडे आल्या.

"बैकल सरोवर," आई एकदम वर्गात उभी असल्यासारखी म्हणाली. "जगातलं सर्वांत खोल सरोवर. मी पाठ करून घ्यायचे! अगं, मी जन्मभर माझ्याच माहेरचा भूगोल शिकवत होते?"

"आई, आपले हजारो पूर्वज असतात. ही त्यांतली फक्त एक रेघ—"

"असू दे एक. पण बायकांची ना? अख्खी?"

"अख्खी."

"मग पुरे." तिने पदर खोचला. "आडनाव त्यांचं, कुळ त्यांचं, देव त्यांचे. एवढं एक तरी आपल्याकडचं निघालं."

"म्हणजे या घरात मी एकटाच परका," नवरा म्हणाला.

"तुम्ही जावईबापू," आई म्हणाली, "तुमचा मान आहेच. चहा टाका."

त्यानंतर घरात सायबेरिया शिरला तो शिरलाच. आई यूट्यूबवर बर्फावरून धावणारे रेनडिअर बघायची आणि फर घातलेली एखादी म्हातारी दिसली की मला हाक मारायची, "ये, ये, आपल्याकडची आली!" सातारला मावशीला व्हिडिओ कॉल झाला. मावशी आईपेक्षा थोरली, आणि सावध.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझ्या नातीचं लग्न जमायचंय. लोक विचारतील माहेर कुठलं, तर काय सायबेरिया सांगू?"

"सांग की! पत्रिकेत छापा!"

आठवड्यातून दोनदा मी आईला सीनिअर सेंटरमध्ये खुर्चीवरच्या योगाच्या क्लासला सोडायचे. एका दुपारी न्यायला गेले, तर आई एका बाईंचा हात धरून उभी. बाई सत्तरीच्या, ठेंगण्या, रुंद गालांच्या, पांढऱ्या केसांची जाड वेणी घातलेल्या. मी दारात असतानाच आईने आपल्या शाळामास्तरणीच्या इंग्रजीत त्यांना विचारलं, "यू आर सी? आय ॲम सी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी पळत जाऊन माफी मागितली आणि सगळा उलगडा केला. बाई खदाखदा हसल्या. त्या अलास्काच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावच्या, तिथल्या मूळ लोकांपैकी. इकडे येऊन वर्षानुवर्षं स्कूलबस चालवली.

"मी काही टेस्ट केलेली नाही," त्या म्हणाल्या. "करणारही नाही. आमच्या लोकांचं आधीच बरंच काही लोकांनी नेलंय, आता थुंकी कशाला देऊ? आणि माझ्या आज्या कोण होत्या ते मला ठाऊक आहे."

आणि तिथेच, कॉफीच्या थर्मासजवळ, त्यांनी सांगायला सुरुवात केली. आपली आई, तिची आई, तिची आई. प्रत्येकीचं नाव, गाव, आणि ती कशात पटाईत होती ते. एक सीलच्या कातड्याचे बूट असे शिवायची की थेंबभर पाणी आत शिरत नसे. एकीला वादळ आदल्या दिवशी कळायचं. एक अट्टल खोटारडी होती. आई डोळे विस्फारून ऐकत होती.

"नाऊ यू," बाई म्हणाल्या.

आईने आपलं नाव सांगितलं, आईचं सांगितलं, आजीचं सांगितलं. आणि थांबली.

गाडीत वायपरकडे बघत ती म्हणाली, "सासरच्या सात पिढ्या मला तोंडपाठ आहेत. श्राद्धाला म्हणायचे ना तुझे बाबा. आणि माझ्या आजीच्या आईचं नाव मला माहीत नाही. भूगोल माहीत, इतिहास नाही."

संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, तिने मावशीला फोन लावला. आधी मावशी उखडली, म्हणाली, तू त्या बर्फात वेडी झालीस. मग म्हणाली, "आजीची आई होय? तिचं नाव मला माहीत आहे. तिच्या आईचंही. मी आजीच्या कुशीत झोपायचे ना."

आईने स्पीकर मोठा केला.

"आजीची आजी वरच्या डोंगरातली होती. आजीचे आजोबा पलटणीत होते, ते तिला तिकडून लग्न करून घेऊन आले. गावात तिला पहाडीण म्हणायचे. उन्हाळ्यात ओल्या गोणपाटावर झोपायची, आणि चहात मीठ घालायची. लोक तोंडावर पदर धरून हसायचे."

"हे मला का नाही सांगितलंस कधी?" आई किंचाळली.

"तू विचारलंस कुठे? तू आपली पहिला नंबर काढण्यात दंग!"

मग दोघी एकदमच बोलायला लागल्या, आणि एकदमच रडायला, आणि लगेच हसायला. मी मध्ये पडून म्हटलं, की हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे, कुठला डोंगर तेही आपल्याला माहीत नाही. आई म्हणाली, "पुरावा तुझ्या लॅबमध्ये ठेव." आणि तिने मावशीने सांगितलेली ती दोन नावं मोठ्याने म्हटली. पुन्हा म्हटली. माझ्या मुलीकडून तिच्या त्या अमेरिकन जिभेने म्हणवून घेतली, वर्गात घेतात तशी, 'ण' नीट येईपर्यंत. त्या संध्याकाळी मी मिठाचा चहा पहिल्यांदा प्यायले. भयंकर लागतो. आम्ही सगळ्यांनी दुसरा कप घेतला.

पुढच्या क्लासला आईने अलास्काच्या बाईंना नावं म्हणून दाखवली, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग दोघींनी परस्पर ठरवलं, की रविवारी बर्फात जायचं. घाट चढून स्नोक्वाल्मी पासला पोचलो, तर सगळं पांढरंशुभ्र, आणि उतारावर पोरं प्लास्टिकच्या घसरगाड्यांवरून किंचाळत खाली येत होती. आई नऊवारी नेसून आली होती. आत माझ्या मुलीची स्की पँट, वर नवऱ्याचं जॅकेट, डोक्याला मफलर. दार उघडून तिने पाय बाहेर ठेवला, श्वास घेतला, आणि दात वाजवत म्हणाली, "अगं बाई गं. मरो ते माहेर! हीटर लाव."

पण अलास्काच्या बाईंनी तिला आत बसू दिलं नाही. त्यांनी एक घसरगाडी भाड्याने आणली, स्वतः मागे बसल्या, आईला पुढे घेतलं आणि तिच्या पोटाभोवती हात घट्ट गुंफले. माझी मुलगी फोन धरून खाली उभी होती. नवरा "आई, जपून, आई!" करत बर्फात गुडघ्यापर्यंत रुतला होता. मी पाठीमागून धक्का दिला.

दोघी सुटल्या. नऊवारीचा काठ वाऱ्यावर फडफडला, मफलर उडाला, आणि आईच्या तोंडून असा आवाज निघाला, जो मी जन्मात ऐकला नव्हता. बाईंचाही त्यात मिसळला. उताराच्या तळाशी घसरगाडी कलंडली, आणि दोघी बर्फात उताण्या पडल्या. मी धडपडत, घसरत खाली पोचले. आईच्या पापण्यांवर बर्फ होतं, कुंकू विस्कटलं होतं, नाक लाल झालं होतं. हसण्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. तिने नुसतं बोट वर केलं, आम्ही जिथून आलो त्या टेकाडाच्या टोकाकडे, आणि अलास्काच्या बाई तिला हाताला धरून उठवायलाही लागल्या होत्या.