घराला नाक लावणारे मामा

माझ्या धाकट्या मामांनी ज्याच्या भिंतीला नाक लावून पाहिलं नाही असं घर गोंदिया जिल्ह्यात उरलंच असेल, तर त्याच्या मालकानं मामांना लांबून येताना पाहून वेळीच दार लावून घेतलं असणार. पाहुणा म्हणून गेलेला माणूस घरातल्या माणसांची खुशाली विचारतो, मामा घराची विचारत. उंबरा ओलांडला की पाणी नाही, चहा नाही, आधी खिशातून उदबत्ती निघायची. ती पेटवून ते एकेका खोलीतून हिंडत आणि धूर कुणीकडं वळतो ते बघत. यजमानांना वाटे काही पूजाबिजा आहे, तेही हात जोडून मागोमाग फिरत. धूर खिडकीतून सरळ बाहेर गेला की मामा खुलून चहा मागत, आणि तो खोलीतच घोटाळत राहिला तर चहाला नाही म्हणत. तीस वर्षं राईस मिलमध्ये कोंड्याची धूळ खाऊन ते रिटायर झाले होते. चांगली हवा ही काय चीज असते हे त्यांच्याइतकं कुणाला कळत असेल, असं मला वाटत नाही.

माझ्या मामेबहिणीसाठी स्थळ पाहायला आम्ही तिरोड्याकडे गेलो तेव्हाची गोष्ट. सगळे मुलगा पाहत होते आणि मामा छताकडे. मुलाच्या बापानं शेतीचं, नोकरीचं सगळं सांगून झाल्यावर अदबीनं विचारलं, ‘मंग, कसं वाटते?’ मामा म्हणाले, ‘पोरगा बेस हाय. पन तुमच्या रांधनखोलीत धूर कोंडते. आमची पोरगी तिथं डोरे पुसत बसन का?’ मी मनातल्या मनात चपला शोधायला लागलो. पण मुलाची आई आतून ताडकन म्हणाली, ‘वीस वर्सं झाली, मी हेच सांगून राहिली!’ लग्न ठरलं, आणि लग्नाच्या बोलण्यांत देण्याघेण्याआधी एक खिडकी ठरली. गोंदियाच्या बाजारात फर्निचरच्या दुकानात तर मामांना नेणं म्हणजे आफतच. चकचकीत कपाटाचं दार उघडून ते आत डोकं घालत आणि शिंकत बाहेर येत. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, ‘चाचा, सूंघो मत, देखो!’ मामांनी शांतपणे सांगितलं, ‘देखके क्या करूं? रहना तो नाक को है.’ कपाट न घेताच आम्ही परतलो.

असल्या माणसाला आपल्या नव्या घराच्या वास्तूला बोलवावं की नाही, याचा मी बराच विचार केला होता, आणि बोलावलं नव्हतंच. दोन हजार चार-पाचच्या सुमाराला मी घर बांधलं आणि हौसेनं त्यात जे जे नवं ते ते केलं. बैठकीत फॉल्स सीलिंग, न उघडणाऱ्या मोठ्या काचा, भिंतींना पुसता येणारा ऑईल पेंट. बाबा गेल्यावर आईला नवेगाव बांधजवळच्या गावाहून इकडे आणलं, तिला मागची स्वतंत्र खोली दिली. आई तिथं राहायला आली आणि महिन्याभरात तिला धाप लागायला लागली. डॉक्टरांनी दम्याचा पंप दिला, त्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटे. पण दोन वाक्यं बोलली की खोकला, हसली की खोकला. मग तिनं बोलणं कमी केलं आणि हसणं सोडूनच दिलं. पावसाळ्यात एक दिवस तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि म्हणाली, ‘पोरा, बैलाचा पोया झाला का मी गावाले जातो. तिथं मले बरं वाटते.’ गावी तिला पाहणारं कुणी नव्हतं, दवाखाना लांब होता. मला रात्रंदिवस एकच धास्ती, की आई गेली तर तिथं एकटीच धापा टाकत पडेल. शेवटी मामांना निरोप धाडला.

मामा आले, उदबत्ती घेऊन आईच्या खोलीत गेले. धूर तिच्या खाटेवर तसाच तरंगत राहिला. ‘काऊन रे, मायी बाई डबीत ठेवून राहिला का?’ मामा कडाडले. थोरल्या बहिणीला ते बाई म्हणत. मी म्हटलं, खिडकी आहे की. ‘खिडकी कुठं हाय? तिथं तं कूलर राहून राहिला!’ ते खरंच होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर बारा महिने तिथंच ठाण मांडून असतो. त्याचं धूड सरकवलं तर मागची भिंत ओलीचिंब, वर काळी बुरशी. मी खजील होऊन उभा राहिलो. मामांनी कूलर काढला, समोरच्या भिंतीत छताखाली झरोका पाडला, बुरशी धरलेला गिलावा खरवडला. ‘डॉक्टरचा पंप सोडू नको, बाई,’ एवढं आईला बजावलं आणि गावाहून माती आणि तनीस मागवली. धानाचं ते काड मातीत कालवून त्यांनी भिंतीला स्वतःच्या हातानं नवा लेप दिला. तेवढे दिवस आई बैठकीत, फॉल्स सीलिंगखाली, आणि बायको माझ्याशी अबोल्यात.

आठवड्यानं मामा भिंत पाहायला आले. मी दार उघडलं आणि तसाच थबकलो. भिंतीवर हिरवंगार धान उगवलं होतं! तनशीत दाणे राहून गेले होते, ओल मिळाली, बोटबोटभर कोंब निघाले. जन्मभर धानात राहिलेल्या माणसाला तनीस झाडून घ्यायचं सुचलं नव्हतं. तेवढ्यात आई मागून आली, तिनं भिंत न्याहाळली आणि विचारलं, ‘काऊन रे लहान्या, धानाचे पऱ्हे टाकले का? रोवनी कवा मंग?’

आणि ती हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईतो. आता खोकला येणार म्हणून मी पंप घेऊन धावलो, बायको पाणी घेऊन आली. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो. खोकला आला नाही. आई हसून हसून दमली, खाटेवर टेकली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा भिंतीकडे पाहून हसली. मला इतकं हलकं वाटलं की मी मामांच्या पाया पडलो, आणि मामा म्हणाले, ‘मले नोको पडू, भित वाळू दे.’ त्याच संध्याकाळी आईनं गाठोडं सोडून लुगडी दोरीवर टाकली. कोंब वाळले, मामांनी वरून पांढऱ्या मातीचा हात फिरवला. आई अजून त्याच खोलीत आहे, पंप उशाशी असतो, पण क्वचित लागतो.

मामा मात्र आता नागपूरला मुलाकडे असतात. गुडघे गेले, मामी गेल्या. सातवा मजला, बाहेर गाड्यांचा धूर, म्हणून काचा बंदच. फोनवर मला विचारतात, ‘बाईच्या खोलीत वारा येते नं?’ मी म्हणतो, वारा भरपूर येतो. परवा आईनं माझ्या हातातून फोन घेतला. म्हणाली, ‘लहान्या, या खोलीत अजून एक खाट मावते.’

खाट आम्ही खिडकीपाशी टाकून ठेवली आहे. मामा थंडी सरू दे म्हणतात.