खिशाच्या मापाची शिशी

चहा येतोय तोवर माझ्या हातून झालेला एक गाढवपणा ऐका. सांगतो मात्र सावकाश. मला कुणी काही विचारलं की आधी मी त्या प्रश्नाला बसायला देतो, मग उत्तर शोधायला निघतो. अर्धा घोटाळा त्यातूनच झाला.

आमच्या गावात दारूबंदी समिती आहे आणि बायकांनी मला तिचा अध्यक्ष केलंय. शिक्षण चौथी, भाषण येत नाही. मग मीच का? तर जन्मात थेंबही न घेतलेला म्हातारा त्यांना गावात एवढा एकच सापडला. आमच्या गडचिरोलीत दारू बंद, नदीपलीकडे चंद्रपुरात दुकानं उघडी. म्हणून तिकडची बस आली की मी स्टॉपवर उभा राहून लोकांच्या पिशव्या बघतो. मला मोहाची दारू ठाऊक. कॅन, रबरी ट्यूब, तो वास. सहा वर्षांत काही म्हणजे काही सापडलं नाही. कांदे, चपला, खोकल्याचं औषध, हेच निघायचं. लोक आपल्याला किती मानतात, असं मला वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात जेवून आलो आणि पोट दुखायला लागलं. दुखणं असं, की वर पोटात शिरायचं आणि पाठीतून बाहेर निघायचं. ओकाऱ्या थांबेनात. माझ्या म्हातारीने मला चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "बाबा, स्वादुपिंडाला सूज आहे."

जठराच्या मागे अशी काही वस्तू असते, हे मला सत्तरीत कळलं.

"दारू घेता का?"

मी प्रश्नाला बसायला दिलं. तेवढ्यात तिनं दुसरा पाठवला. "रोज घेता?"

"नाई," मी पहिल्याचं उत्तर दिलं.

"रोज नाही. मग आठवड्यातून किती वेळा?"

म्हातारी मध्ये पडली. "अवो बाई, हा मानूस मोहाच्या भट्टीजवळून गेला तरी घरी येऊन आंग धुते."

"आजी, विचारावंच लागतं. हा आजार बहुतेक वेळा दोन कारणांनी होतो. एक दारू."

नेमका त्याच वेळी आमचा शेजारी किसना केळी घेऊन मला बघायला दारात आला होता. पहिलं कारण कानावर पडलं आणि त्याला गावी जायची घाई झाली. केळी ठेवली, बस गाठली.

"आणि दुसरं, पित्ताशयातले खडे," डॉक्टरीण म्हणाली. "रक्तातली चरबी फार वाढली, नाहीतर एखादं औषध बाधलं, तरी होतो. सोनोग्राफी करू."

खडेच निघाले. त्यातला एक घरंगळत येऊन स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडाशी बसला होता. सूज उतरल्यावर पित्ताशयच काढून टाकलं.

पण गावात किसना पोचला होता ना. पार्बताबाई, आमच्या समितीतली सगळ्यात कडक बाई, तिचा म्हातारीला फोन आला. "भाऊले बरं होऊ दे. मंग बैठक घेऊ. अध्यक्ष बदलावा लागन."

टाके दुखले नाहीत इतकं ते दुखलं.

मग पुरावा पाहिजे म्हणून मी डॉक्टरणीकडून खडे मागून घेतले. तुरीएवढे तीन, प्लास्टिकच्या डबीत. सुटी झाली, बसस्टँडवर आलो, डबी बाकावर ठेवली आणि तिच्यावरच बसलो. डबीचे दोन तुकडे झाले.

चहावाल्याला म्हटलं, "बाबू, एखादी रिकामी शिशी हाय का? झाकनाची." त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, बाकाखालून एक काढली, धुऊन दिली. चपटी, सुबक. शर्टाच्या खिशात अशी बसली, जणू शिंप्याने माप घेऊनच खिसा शिवला होता. म्हातारी म्हणाली, "खडे घासतीन," आणि तिनं वरून पाणी भरलं. गाव येईपर्यंत खड्यांचा रंग उतरून पाणी बिनदुधाच्या चहासारखं झालं.

स्टॉपवर लोक जमले होते. कुणी माझ्या तोंडाकडे बघेना, सगळे खिशाकडे बघत होते. मला वाटलं, टाके तिथेच आहेत असं समजतायत बिचारे.

बैठक विहारात होती. मी सरळ तिथंच गेलो.

"तब्येत कशी हाय, भाऊ?" पार्बताबाईने विचारलं.

मी शिशी काढून सतरंजीवर ठेवली. म्हणालो, "पुरावा आनला." आणि दम घ्यायला थांबलो. थांबायला नको होतं.

"पाहा," किसना म्हणाला, "मी का सांगून राह्यलो होतो?"

"बापा, हे त विहारात घेऊन आले," मागून एक बाई बोलली.

"माह्या पोटातलं हाय थे," मी म्हणालो.

"पोटातलं परत शिशीत भरलं?"

पार्बताबाईने शिशी उचलली. झाकण उघडलं, वास घेतला, तोंड वाकडं केलं आणि तळहातावर उपडी केली. पाणी गळून गेलं, तीन खडे उरले.

"खडे हायत," मी म्हणालो. "दारूनं नाई, यायनं सूज आली." म्हातारीने डॉक्टरणीचा कागद पुढे केला. पार्बताबाईने तो दोनदा वाचला.

"ते समजलं, भाऊ. पन मंग खडे पव्व्यात काऊन आनले?"

मी प्रश्नाला बसायला दिलं. बराच वेळ बसला तो.

"पव्वा म्हंजे?"

मग पहिली पार्बताबाईच हसली. हसता हसता खाली बसली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "बायाहो, ज्याले दारूची शिशी वळखता येत नाई, त्यानं दारू पेली असं कोनी म्हनू नका. अध्यक्ष हेच राह्यतीन." म्हातारी अशी ताठ बसली, जणू तिलाच निवडून दिलंय. हसला नाही तो फक्त किसना. तो दाराकडे बघत होता.

चहा आला. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. मी खूश. पण तुम्हाला सांगितलं ना, माझं डोकं सावकाश चालतं. अर्धा कप झाल्यावर मी त्या शिशीकडे पुन्हा बघितलं. ही आपण कुठंतरी पाहिलीय, असं वाटलं. एकदा नाही, पुष्कळदा.

स्टॉपवर. पिशव्यांमध्ये. सहा वर्षं.

किसनाच्या पिशवीत तर दर आठवड्याला. "खोकल्याचं औषद हाय, भाऊ," तो म्हणायचा. आणि मी ती शिशी फुटू नये म्हणून कांद्यांच्या मधोमध नीट बसवून द्यायचो आणि त्याला बजावायचो, "दिवसातून दोनदा घेत जा बाबू. खाडा करू नको."