न घासलेला रुपया

हे मी आजवर कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही माझ्या वहिनीला ओळखत नाही — आणि करीमचाचांनाही.

माझं माहेर औसा. नोकरी नांदेडला, म्हणून माहेरी मी शहाणी. भाऊ गेला, तेव्हा वहिनीच्या हाती राहिलं काय? त्याचं किल्लीचं जुनं घड्याळ आणि आजोबांपासून चालत आलेली हाली रुपयांची पुरचुंडी. निजामाच्या वेळचे, चारमिनार कोरलेले चांदीचे रुपये, काळेकुट्ट पडलेले. ते विकून तिला पिको-फॉलची मशीन घ्यायची होती. कुणापुढं हात पसरायचा नव्हता. "वन्सं, मला कुणीबी गंडवंल. तुमीच जावा," म्हणाली.

गेले लातूरला. पहिल्या सराफानं रुपयांकडं बघितलंसुद्धा नाही. ताजव्यात टाकले आणि चांदीचा भाव सांगितला. दुसऱ्यानं त्यातही घट धरली. तिसरे करीमचाचा. घड्याळं दुरुस्त करायचे, जुनी नाणी घ्यायचे. त्यांनी एकेक रुपया कडेनं धरून भिंगाखाली पाहिला, त्यावरची सालं वाचली, आणि चांदीच्या कितीतरी पट भाव सांगितला. घड्याळाचाही चांगला सांगितला. म्हणाले, "एक रुपया नमुन्याला ठिवून जावा, गिऱ्हाइकाला दाखवतो. बाकीचे हायेत तसेच आणा बाई. घासू तर बिल्कुल नका."

आता माझं मन बघा. आनंद व्हायला हवा होता ना? मला संशय आला. जो आपणहून एवढं देतो, त्याच्या पोटात किती असेल? आणि घासू नका का म्हणतो — उजळले तर खरी किंमत कळेल म्हणून?

आमच्या घरात काळं भांडं म्हणजे बाईच्या नावाला बट्टा. दिवाळीला आई देवाची चांदी रांगोळीनं घासायची, तोंड दिसेपर्यंत. मीही घासले. नांदेडला, न्हाणीत पाट टाकून, रांगोळी आणि जुना ब्रश घेऊन. लखलखले हो! काय कौतुक वाटलं मला स्वतःचं!

पुन्हा गेले तेव्हा चाचांनी भिंग उचललंच नाही. "बाई, ह्ये काय करून बसला? घासू नका म्हणालतो की. घासलेलं नाणं शौकीन गिऱ्हाईक घेत न्हाई. आता ह्यात नुसती चांदी राहिली." रागावले नाहीत — वाईट वाटलं त्यांना. घड्याळाला मी हात लावला नव्हता. त्याचे ठरलेले पैसे त्यांनी कमी न करता दिले. आणि नमुन्याचा रुपया माझ्या तळहातावर ठेवला. काळाच, होता तसा.

तिथून औशाला गेले. वहिनीला काय सांगायचं? माझ्या हातानं तुझी मशीन घालवली, असं? नाही निघालं तोंडातून. म्हटलं, "माणूस फिरला गं. आता नुसत्या चांदीचा भाव देतोय." वहिनी रुपये बघून हरखली — किती उजळले म्हणाली! मग तिनं ते मोजले. एक कमी. काळा रुपया माझ्या पर्समध्ये होता. तो या रुपयांशेजारी ठेवला आणि चाचांनी एकट्या त्यालाच आधीचा भाव दिला, तर माझं सगळं उघडं पडणार होतं. मी म्हटलं — त्यानंच ठेवून घेतला.

बघा, कुठून कुठं गेले मी.

वहिनीचा भाऊ भडक डोक्याचा. दुसऱ्याच दिवशी आम्हाला घेऊन लातूरला. भर बाजारात त्यानं चाचांना चोर म्हटलं. माणसं जमली. चाचा म्हणाले, "नमुना बाईच्या हातात दिलाय. तो आणा, सांगितलेला भाव आत्ता देतो. इचारा त्यान्ला."

सगळे माझ्याकडं वळले. पर्स माझ्या काखेत होती. मी म्हटलं, "मला दिला नाही यांनी."

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. गल्ला उघडला आणि त्या एका रुपयाचा, आधी सांगितलेला पुरा भाव वहिनीच्या हातावर ठेवला. तंटा मिटावा म्हणून दिले असतील. पण लोकांनी काय म्हणावं? पैसे दिले म्हणजे चोरच. आणि मी? मला सुटल्यासारखं वाटलं. हे सांगताना लाज वाटते, पण तेव्हा तेच वाटलं.

उजळलेले रुपये चांदीच्या भावानंच गेले. वहिनीनं जुनी मशीन घेतली. ती मशीन अजून दोरा तोडते. चाचांकडं विश्वासानं जुनं काही नेणारे कमी होत गेले, मग दुकान गेलं. आता ते बसस्टँडजवळ एका टेबलावर घड्याळांत सेल घालून देतात. मी लातूरला उतरले की पलीकडच्या बाजूनं जाते.

वहिनी दिवाळीला नांदेडला आली होती. शेजारणीला मोडीत दागिने द्यायचे होते, तर म्हणाली, "आमच्या वन्संला संगं न्या. त्यांच्यामुळं तो चोर सापडला."

शेजारणीनं विचारलं, येता का? मी हो म्हटलं. गेलेही.

त्याआधी देवाची चांदी काढायला कपाट उघडलं होतं. काळा रुपया साड्यांखाली आहे. बाकी सगळं मी घासून ठेवलं.