चीफच्या हॉटेलाची ट्रायल

सिंगापूरमधला जो जो मराठी माणूस इटलीला जाऊन मोक्याच्या हॉटेलात उतरला, तो आमच्या चीफच्या पुण्याईने उतरला, असं मी कुणाशीही पैज लावून सांगेन. चीफ म्हणजे मरीन परेडला आमच्याच मजल्यावर राहणारे, जहाजावरून चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते वाचायची वेळ कुणावर आली नाही. पुंगोलच्या नव्या वस्तीतली तरुण जोडपी तिकिटं काढायच्या आधी त्यांच्याकडे यायची. चीफ आधी चहा पाजायचे आणि मग त्यांनी पसंत केलेल्या हॉटेलाची बिनपाण्याने करायचे. "स्टेशनाला खेटून आहे म्हणे! अरे, रोम बघायला चाललायस की गाड्या मोजायला?" त्यांचा सिद्धान्त एकच. दुपारी परत येऊन जेवणावर तासभर आडवं होता आलं पाहिजे आणि चारला पुन्हा बाहेर पडता आलं पाहिजे, तेच हॉटेल. बाकी सगळ्या धर्मशाळा.

आता नकाशा बघून एवढं कुणीही सांगेल. पण चीफचा उभा जन्म इंजिनरूममध्ये गेलेला. ट्रायल घेतल्याशिवाय त्यांनी कधी मिक्सरसुद्धा विकत घेतला नाही. तेव्हा हॉटेलाचीही ट्रायल. टॅबवर हॉटेलापासून चर्चपर्यंतचं अंतर बघायचं आणि तेवढंच अंतर मरीन परेडमध्ये सामानासकट चालायचं. आमचा बसस्टॉप म्हणजे स्टेशन, खाण्याच्या गाळ्यांचं हॉकर सेंटर म्हणजे कॅथीड्रल. आम्ही तिघं फ्लॉरेन्सला निघालो, तेव्हा बॅगांत तांदळाच्या पिशव्या भरून चीफनी आमची भर उन्हात वरात काढली होती. आम्ही घर सोडून चाललो असं समजून शेजारची चिनी आजी निरोप द्यायला खाली आली! माझी मुलगी वैतागून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "अंकल, जस्ट टेक टॅक्सी लाह!" त्यावर चीफ म्हणाले, "टॅक्सी तुला खोलीत नेऊन झोपवते का गं?" पण खोटं कशाला बोलू, फ्लॉरेन्सला आम्ही रोज दुपारी राजासारखे घोरलो.

जगाला हॉटेलं शोधून देणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी मात्र एक हॉटेल सापडत नव्हतं. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, नेपल्स बघायचं होतं. रोम नको, व्हेनिस नको, नेपल्सच. चीफ बुक करायचे आणि महिन्याभरात रद्द करायचे. एकाची लिफ्ट अरुंद, एकाच्या खाली गाणंबजावणं, एक सुरेख पण चढावर. मरीन परेडला चढ कुठून आणायचा? तर बहुमजली कारपार्कचा रॅम्प! रोज संध्याकाळी पुढे चीफ, मागे काकू आणि त्यांच्या मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या. इकडे काकूंचे गुडघे वर्षागणिक कुरकुरत चालले होते. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, हिंडायचं ते आत्ताच हिंडून घ्या. काकू हसत म्हणायच्या, "यांचं हॉटेल ठरेपर्यंत मला चाकांच्या खुर्चीतून न्यावं लागणार." त्या हसायच्या, पण आम्हाला काही हसू येत नसे.

एका संध्याकाळी मी गाडी लावून खाली येत होतो, तर रॅम्पच्या वळणावर काकू कठड्याला धरून खाली बसलेल्या.

"अहो, पुरे. मला नाही होत आता."

"अगं, थोडंच राहिलंय."

"तेव्हाही हेच म्हणाला होतात," काकू म्हणाल्या, आणि मग मला सांगू लागल्या. तरुणपणी त्या चीफबरोबर एकदा जहाजावर गेल्या होत्या. नेपल्सच्या समोर जहाज नांगर टाकून उभं राहिलं. बंदरात जागाच मिळेना. काकू रोज सकाळी इस्त्रीची साडी नेसून कठड्याशी येऊन थांबायच्या. समोर अख्खं शहर. दुर्बिणीतून तर वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसायचे. चीफ इंजिनरूममधून वर येऊन म्हणायचे, "उद्या उतरू हं." आणि एके दिवशी हुकूम आला नि जहाज दुसऱ्याच बंदराला निघून गेलं.

"म्हणून यांना हॉटेल असं हवंय, की पुन्हा काही लांबून बघायला लागू नये," काकू म्हणाल्या आणि चीफकडे वळल्या. "अहो, पण त्यापायी मी अजून बोटीवरच आहे ना!"

 चीफ इंजिनरूममधून वर आल्यासारखे रुमालाने हात पुसत राहिले. इतकी वर्षं या माणसाची टिंगल केली, पण त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

त्याच आठवड्यात हॉटेल ठरलं, ट्रायल न घेता. समुद्राजवळ, सपाट रस्त्यावर, दाराशीच कॉफीचं दुकान. नेपल्सला पोचल्यावर सुरुवातीला काकू हौसेने हिंडल्या, मग व्हायचं तेच झालं, गुडघा सुजला. पण त्या दारात खुर्ची टाकून बसल्या आणि सगळं नेपल्स त्यांच्यासमोरून चालत गेलं. दुपारी वर जाऊन आडवं व्हायचं, चारला पुन्हा खुर्चीत. चीफनी मला एक फोटो पाठवला होता. त्यात काकू पाठमोऱ्या आहेत, समुद्राकडे बघून हात हलवताहेत. परत आल्यावर मी विचारलं, कुणाला हात करत होतात?

"एक जहाज नांगरून उभं होतं रे," काकू म्हणाल्या. "असेल बिचारी कुणीतरी, नटूनथटून उभी."

आता दोघं पुण्याला लेकीजवळ गेलीत. इटलीला जाणारी पोरं माझ्याकडे येतात. चहा मी पाजतो, पण चीफसारखी हॉटेलांची बिनपाण्याने करणं मला जमत नाही. मग संध्याकाळी ईस्ट कोस्टला फिरायला जातो. समोर रांगेने जहाजं नांगरलेली असतात, दिवे लागत असतात. त्यांच्यावरून आपलं सिंगापूर कसं दिसत असेल कोण जाणे. आसपास कुणी ओळखीचं नाही ना, एवढं मी बघून घेतो, आणि हात हलवतो.