मागचं दार

गाडी घ्यायची ठरली तेव्हा मला वाटलं होतं, आठवडाभराचं काम आहे. नगरला जायचं, दोन-चार गाड्या बघायच्या, त्यातली एक घेऊन यायची. प्रत्यक्षात तीन महिने गेले, आणि त्यातला शेवटचा महिना मी गाडीचा विचार करतच नव्हतो. दाराचा करत होतो.

आमचं बत्ताशांचं आणि रेवड्यांचं छोटंसं काम आहे. शनिशिंगणापूरला घरामागच्या शेडमध्ये माल तयार होतो. वडील गेल्यावर आईनं एका कढईवर हे काम सुरू केलं. आता पाक मी आणि बायको बघतो, पण बत्तासे अजून आईच पाडते, कारण आमच्या हातून दोन बत्तासे सारखे पडत नाहीत. निम्मा माल शिर्डीच्या एका प्रसादाच्या दुकानात जातो. तो न्यायला जुना तीनचाकी टेम्पो होता, वर ताडपत्री बांधलेला. मागच्या पावसाळ्यात राहुरीच्या पुढे जोराची सर आली आणि ताडपत्री एका बाजूनं उडाली. शिर्डीला खोकी उघडली तर बत्तासे एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झालेली.

दुकानदार चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "आता बंद गाडी बघा तुमी. परत असा माल आला तर मला दुसरीकडून घ्यावा लागंल." निम्मा धंदा त्या एका वाक्यावर टांगलेला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशीच मी नगर गाठलं.

निर्णय घेणं हा माझा प्रांत नाही. चपला घ्यायच्या तरी मी दुकानाबाहेर दोनदा येऊन जातो. इथे तर पेट्रोल की सीएनजी की बॅटरी, मालावरचा टप किती उंच, सीएनजीची टाकी मालाची जागा खाते का, दार बाजूनं सरकणारं हवं की नुसतं मागं. प्रत्येक शोरूममध्ये मला सगळं पटायचं, आणि परतीच्या वाटेवर घोडेगाव येईपर्यंत काहीच पटलेलं नसायचं. मोबाईलमध्ये चाळीस-पन्नास फोटो जमले. पुढे पुढे कुठली गाडी कुठल्या शोरूमची हेही कळेना.

एका शोरूममधला विक्रेता फार हौशी होता. त्याने किल्लीचं बटण दाबलं, गाडीत खट्ट आवाज झाला. "सगळी दारं एकदम लॉक," तो म्हणाला. "माल आत, तुम्ही घरात निवांत!"

"आणि लॉक नाही केलं तर चालतं ना?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग हातातल्या कागदावर माझ्या गावाचं नाव वाचून हसला. "तरीच! चालतं की साहेब. पण मग मी तुम्हाला दाखवू काय?"

आमच्या गावात घराला दार नसतं. चौकट असते, तिला पडदा, आणि कुत्रं शिरू नये म्हणून फार तर आडवी फळी. गावाला देव राखतो अशी श्रद्धा आहे. बाहेरची माणसं येऊन आमच्या चौकटींचे फोटो काढतात. मी त्याच घरात जन्मलो, त्यामुळे यात विचार करण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नाही.

त्या संध्याकाळी मी आईला बंद गाडीचे फोटो दाखवले. तिने मोबाईल लांब धरून नीट पाहिले.

"पुढचं दार ठीक हाय," ती म्हणाली. "ते मानूस पडू न्हाई म्हनून असतंय. मागचं दार चोर येऊ न्हाई म्हनून. ते आपल्या दारात नको."

मी हसलो. आई हसली नाही. तिथून पुढे माझं तळ्यात-मळ्यात सुरू झालं.

गाडीचं मागचं दार म्हणजे दार का? मोटारसायकलीला किल्ली आहेच की आमच्या. मग खोक्यासारख्या गाडीत रात्रभर माल राहिला तर ती गाडी झाली का खोली? मी चुलत्यांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, गाडीला काय हुतंय! घ्यायची बिनधास्त." मी निघालो तर पारावरून हाक मारून म्हणाले, "पन माल आत ठिवनार असशील तर मातर इचार कर." म्हणजे त्यांनी मला विचारापासून निघून विचारापर्यंत आणून सोडलं.

मग मी ठरवलं, उघडी गाडी घ्यायची आणि तिला जाड हूड करून घ्यायचं. बायको म्हणाली, "ताडपत्रीच बांधायची तर हाय तो टेम्पो काय वाईट हाय?" तिचं खरं होतं. मग बंद गाडी नक्की केली, आणि आईचा चेहरा बघून दुसऱ्या दिवशी शोरूमला फोन करून थांबा म्हणालो. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्या हौशी विक्रेत्याने फोनच उचलला नाही.

शेवटी माझा तोल गेला. आई शेडमध्ये बत्तासे पाडत होती. मी उंबऱ्यावरूनच ओरडलो, "एकदाचं सांग, करू काय मी? शिर्डीचं गिऱ्हाईक गेलं तर तू काय करशील? आणि बंद गाडी घेतली तर देव कोपंल का? सांग ना!"

मी आईवर असा कधी ओरडलो नव्हतो. तिने हातातला पाक संपेपर्यंत बत्तासे पाडले. मग हात धुऊन खाली बसली.

"देवाचं मला काय म्हाईत? मी माझं सांगते."

माझं आजोळ पाथर्डीकडचं. तिकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे मला ठाऊक होतं. पण घराला कुलूप लावून निघाल्यावर ती किल्ली कुठे असते, हे मी कधी विचारलं नव्हतं. ती आजीच्या पदराच्या गाठीत असायची. कारखान्याच्या फडात मोळी बांधता बांधता आजीचा हात पदराकडे जायचा. खोपीत भाकरी थापताना जायचा. घरात होतं काय, तर चार भांडी आणि एक पेटी. तरी सहा महिने ती त्या कुलपाच्या काळजीत असायची, आणि तिच्याकडे बघून लेकरंही. आई थोडी मोठी झाल्यावर किल्ली तिच्याकडे आली.

"मग लगीन झालं न् या घरात आले. दारच न्हाई! पयलं वरीसभर मला झोप न्हाई. उठता-बसता हात पदराकडं जायचा. गाठच नसायची. लई भ्या वाटायचं. तुझ्या बापाला कळायचंच न्हाई, ही कशाला भिती. मग कवातरी हात जायचा थांबला. कदी थांबला ते मलाबी कळलं न्हाई. त्यो परत जायाला नको, येवढंच हाय माजं."

मला फार लाज वाटली. महिनाभर मी तिच्या म्हणण्यात देव शोधत होतो, आणि ते भलतंच काही निघालं होतं. आता तर बंद गाडी नकोच, असं मी म्हणालो.

"न्हाई, बंदच घे," ती उठत म्हणाली. "मालात पानी गेलं तर खायचं काय? फकस्त किल्ली घरात आनू नको. गाडीलाच ऱ्हाऊ दे."

गाडी आली. पांढरी, बाजूला सरकत्या दाराची, मागे दोन झडपांची. आईनं स्वतः चाकाखाली लिंबू ठेवलं. शिर्डीला माल कोरडा पोचला, दुकानदाराने खोकं उघडून एक बत्तासा तोंडात टाकला आणि मान हलवली. पार्किंगमध्ये मात्र कुलूप लावावंच लागायचं. लावलं की चार पावलं जायचो आणि परत येऊन दार ओढून बघायचो. घरी आलो की किल्ली गाडीलाच ठेवायचो. महिनाभर अगदी नेमानं ठेवली.

एका दुपारी शिर्डीहून उशिरा, भुकेजून आलो आणि तसाच जेवायला बसलो. भाकरी मोडली आणि माझा डावा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. खिसा चाचपून परत आला. मला ते कळलंही नाही. आईला कळलं. वाढता वाढता ती थांबली.

तिने माझ्यापुढे तळवा धरला. मी किल्ली काढून दिली. पडदा सारून ती उन्हात गाडीपर्यंत गेली, किल्ली गाडीला लावून आली, आणि पुन्हा परातीपाशी बसली.

मी जेवू लागलो. हात आणखी दोनदा खिशाकडे गेला. दोन्ही वेळा आईनं पाहिलं आणि माझ्या ताटात न मागता भाकरी वाढली.