बाबाचा धोटा भंगारात गेला तवा

आमची धाकटी बहीण मयुरी मिहानमंधी कम्प्युटरच्या कंपनीत हाय. तिच्यावाणी पोरगी अख्ख्या नागपुरात नाही. प्रोग्राम चालून राहिला का कम्प्युटरच्या मेमरीत सामान साचत जाते. त्यातलं कोणालेच न लागणारं हुडकून जागा खाली कराचं काम ती बनवते. हरेक वस्तूच्या डोक्यावर तिची लंबाई अन् आत काय हाय ते लिहून राहते. मी दहावीपर्यंतच शिकलो, पण मले सारं समजते.

आमी मनीषनगरात फ्लॅट घेतला तवा सामान बी तिनंच बांधलं. खोक्याखोक्यावर चिठ्ठी. नियम असा का वस्तूकडं पाहाचं नाही, माणसापासून सुरू कराचं. तुले काय लागते? त्या वस्तूले अजून काय लागते? मिक्सर म्हटलं का त्याचं भांडं बी आलं. जिथं कोणीच पोचलं नाही, ते भंगारात.

बाबा कटिंगले गेले होते. आमच्यात मोठा पोरगाच बापाचं बी सांगते, म्हणून मीच सांगून टाकलं, त्यायले काही नाही लागत.

बाबा आले. टेंपो भरला होता. त्यायनं इचारलं, धोटा कुठं हाय? मागावर धागा इकडून तिकडं नेते, तो लाकडी धोटा. माग विकून जमाना झाला, आता बाबा त्यानं पाठ खाजवते. दुसऱ्या कशानंच त्यायची पाठ ऐकत नाही. धोटा भंगारात गेला कळलं, तसे ते ओट्यावर बसले. "तुमी जा. मी इथंच राहतो."

टेंपोवाला चंद्रभान हॉर्न वाजवून राहिला. मयुरीनं मले इचारलं, "दादा, बाबाले इचारलं होतं का गा?"

मी म्हटलं, इचाराचं काय त्यात, मी मोठा हाव.

"एक माणूस सुटला का त्याचं सारं सामान कचरा दिसते. आमच्या कंपनीत अशानंच प्रोग्राम बंद पडते."

स्कूटीवर दोघं भंगारवाल्याकडं गेलो. त्यानं धोटा शटरच्या कडीत अडकवून बी टाकला होता, अन् तो तिथं असा फिट बसला का द्याले तयार नाही. मयुरी म्हणाली, खाली जागा दिसली का दुसरा बसतेच. मंग तिनं डिक्कीतला पाना काढला, धोट्याले लावून पाहिला. तेवढाच लांब, तेवढाच जाड. कडीत पाना गेला, धोटा आमचा झाला. अशी डोकेबाज पोरगी.

बाबानं आधी पाठ खाजवली, मंग टेंपोत पुढं बसले. मयुरीनं या वेळी त्यायलेच इचारलं, "बाबा, अजून काय लागते?"

"काही नाही. फक्त मोठ्याले मागं सामानात बसव."

मी मागं बसलो. सामानावर कोणी जबाबदार माणूस पाहिजेच ना.